नऊच्या आधी दहा

पहिल्यापासून बघा

घड्याळजींच्या कपाटात चारशे बारा चित्रपट होते आणि अकरा ठोकळे.

ठोकळ्यांचं असं होतं. जो चित्रपट आपल्याला हवा आहे पण अजून डिस्कवर निघालेला नाही, त्याच्यासाठी कपाटात जागा राखायची. ती जागा दुसऱ्या कुणी बळकावू नये म्हणून डिस्कच्या डबीएवढाच जाड लाकडी ठोकळा तिथे उभा करायचा आणि त्याच्या कडेवर चित्रपटाचं नाव चिकटवायचं. चित्रपट निघाला की सगळ्यांनी जमून ठोकळा काढायचा. मंडळाचा सोहळा म्हणाल तर एवढाच. मंडळ म्हणजे तरी काय, पाचसहा पिकलेली डोकी. दर रविवारी दुपारी घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत जमायचं, एक चित्रपट बघायचा आणि मग न निघालेल्या चित्रपटांबद्दल बोलत बसायचं. निघालेल्यांबद्दल फारसं कुणी बोलत नसे. ते सुखात आहेत एवढं कळलं की पुरे.

सगळ्यात जुना ठोकळा ‘उतरणीवरलं घर’चा. हात लागून लागून त्याच्या कडा गोल झाल्या होत्या. कंपन्यांना पत्रं लिहून लिहून मंडळाची बोटं झिजली आणि उत्तर दर वेळी तेच आलं: मूळ फिल्म सापडत नाही.

आणि आता ती सापडली होती. एका बंद गोदामाच्या माळ्यावर, गंजलेल्या अकरा डब्यांत. जुने चित्रपट धुऊनपुसून डिस्कवर काढणारी एक लहानशी कंपनी होती. तिथल्या मुलीने फोनवर हे सांगितलं तेव्हा घड्याळजी डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून रस्त्यावर धावले होते म्हणे. समोरच्या शिंप्याला वाटलं, दुकानाला आग लागली.

मुलीची एकच अडचण होती. डब्यांवरचे कागद गळून पडले होते. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आकडा लिहिलेला एक तुकडा असतो, तोही कुणीतरी कापून नेला होता. कोणतं रीळ कितवं हे सांगणारं कुणी नव्हतं. दिग्दर्शक गेले, संहिता हरवली. “तुमच्याकडे टीव्हीवरून उतरवलेली कॅसेट आहे ना, तिची नक्कल पाठवलीत, तिच्यावरूनच मी रिळं ओळीने लावली आहेत,” मुलगी म्हणाली. “दुसरा काही आधार नाही. क्रम बरोबर आहे असं सगळ्यांनी सहीने कळवा. येत्या नाही, पुढच्या सोमवारी सकाळी छापायला देते. त्यातही रीळकाकांची सही हवीच. त्यांनीच तर दाखवला होता ना तो तेव्हा?”

रविवारी घड्याळजींनी हे मंडळाला जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळे रीळकाकांकडे वळून पुन्हा वाजवू लागले. रीळकाका टीव्ही केंद्रातून निवृत्त झालेले. चित्रपटाची रिळं यंत्रावर चढवून ती टीव्हीवर दाखवायची, हे काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. मंडळात फिल्मच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

“पुढच्या रविवारी सह्या, आणि मग ठोकळा!” घड्याळजी म्हणाले.

रीळकाकांनी चहाचा कप तोंडाला लावला. तो कधीच रिकामा झाला होता. तरी ते पीत राहिले.

कारण तो क्रम चुकीचा आहे हे माहीत असलेला एकच माणूस हयात होता, आणि चुकवणाराही तोच होता.

प्रसंग निवडा: नऊ, दहा

चित्रपट साधा. उतरणीवर एक घर, घरात नवराबायको, दोघांचं धड पटत नाही आणि धड तुटतही नाही. बोलणं फार कमी. नवव्या रिळात बायको बॅग घेऊन फाटकातून आत येते. नवरा काही न विचारता दुसरा कप काढतो. दहाव्यात भांडण. खिडकीची काच फुटते, नवऱ्याच्या हाताला पट्टी, आणि बायको तीच बॅग घेऊन त्याच फाटकातून निघून जाते. अकराव्यात नवरा म्हातारा झालेला. घरात एकटा. टेबलावर दोन कप.

म्हणजे ती चार दिवस कुठेतरी गेली होती, आली, भांडली आणि कायमची गेली. असा तो चित्रपट.

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी रीळकाका नोकरीत कच्चे होते. दर तीन महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा आणि तो येईपर्यंत घशाखाली घास उतरायचा नाही. कामाची पद्धत अशी: दोन यंत्रं, एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं. डबे ओळीने मांडलेले, आकडा झाकणावर. नऊ आणि दहाच्या झाकणांवर त्यांचा चहा सांडला. त्यांनी घाईघाईने दोन्ही झाकणं काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि परत लावली. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला.

रीळ चालू होऊन दोन मिनिटं झाली तेव्हा पडद्यावरच्या माणसाच्या हाताला पट्टी दिसली. हे कधी झालं, असं म्हणत त्यांनी दुसऱ्या यंत्रावरच्या रिळाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे नऊ लिहिलं होतं. चढवताना त्यांनी फक्त झाकणं वाचली होती.

थांबवावं, तर गावभरच्या टीव्हीवर अंधार. नववं गाळावं, तर बातम्यांच्या आधी दहा मिनिटांचं भगदाड. त्यांनी दहाच्या मागे नऊ लावलं आणि नोंदवहीत लिहिलं, ‘प्रसारण सुरळीत’. एकही तक्रार आली नाही. फिल्म परत गेली ती गेलीच.

आता हा उलटा क्रम लावून बघा. बायको जाते. आणि मग परत येते. नवऱ्याची पट्टी निघालेली, खिडकीला काच बसलेली. तो दुसरा कप काढतो. पुढे म्हातारपण, दोन कप. म्हणजे ती शेवटपर्यंत होती, आता आता गेली असावी.

मंडळातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यावर चौदा पानांचा लेख लिहिला होता, ‘भरून आलेला हात’. एक शब्द न बोलता दिग्दर्शकाने मधला सगळा काळ कसा दाखवला, काय तो संयम, काय ती नजर! लेख त्यांनी मंडळात मोठ्याने वाचला तेव्हा रीळकाकांना दरदरून घाम फुटला होता. बाईंना वाटलं, भारावले.

पण घाम पुसता येतो. घड्याळजींचं तसं नव्हतं. त्या संध्याकाळी घड्याळजींच्या घरात घड्याळजी एकटेच होते. बायको भांडून बहिणीकडे गेली त्याला सात महिने झाले होते. शेजाऱ्याच्या व्हीसीआरवर त्यांनी तो चित्रपट उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट तिला पार्सलने पाठवली. सोबत चिठ्ठी: ‘शेवटपर्यंत बघ.’ आठवड्याने ती दारात उभी राहिली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कॅसेट. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला दोघं तो चित्रपट बघत. ती वारल्यापासूनची सहा वर्षं घड्याळजी एकटे बघत होते.

वगळलेलं दृश्य

(हे घडलं नाही. पण रीळकाकांच्या डोक्यात रविवारपासून बुधवारपर्यंत हेच चालू होतं.)

रविवार. सगळे सह्या करतात. रीळकाका सगळ्यात शेवटी, ठसठशीत अक्षरात. घड्याळजी ठोकळा काढतात. डिस्क येते. ती फाटकातून जाते, ती फाटकातून येते, घड्याळजी डोळे पुसतात. चूक छापली जाते, आणि एकदा छापली गेली की—

“अहो, भेंडी चिरताय की तिची चौकशी करताय?”

हा बुधवार होता, आणि रीळकाकांची बायको खरोखरच समोर उभी होती. चाळीस मिनिटांत चार भेंड्या झाल्या होत्या. रीळकाकांनी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

“चाळीस वर्षं मला बोलला नाहीत?”

“तू विचारलं नाहीस.”

“काय विचारायचं होतं? अहो, आज कोणतं रीळ उलटं लावलंत, जेवायला वाढू का?” तिने सुरी आपल्याकडे ओढून घेतली. “मग आता काय ठरवलंय?”

“गप्प बसावं म्हणतो. त्या माणसाकडे तेवढंच उरलंय. कशाला मन मोडायचं?”

“आणि ज्याने चित्रपट काढला त्याचं?”

“तो आता नाही.”

“घड्याळजींच्या घरच्या वहिनीही नाहीत.” भेंडी पटापट चिरली जात होती. “हे बघा, मला तुमच्या रिळांतलं काही कळत नाही. पण तुमची सही मागितलीये, आणि ती खोटी असणार. एकदा वहीत खोटं लिहिलंत तेव्हा नोकरी कच्ची होती. आता काय कच्चं आहे?”

रीळकाकांनी भेंडीची देठं गोळा केली.

“सगळ्यांसमोर सांगू नका. उद्याच जा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, बिस्किटं न्या.”

उपशीर्षकं चालू

“या, या! आज गुरुवार ना हो? माझं कॅलेंडर बिघडलं की तुम्ही?”

[बरं झालं आलात. दुपार सरत नव्हती.]

“सहज आलो. बिस्किटं आहेत.”

[सहज आलेलो नाही.]

“वहिनींनी दिली? मग प्रकरण मोठं दिसतंय.”

[थट्टा करतोय. घाबरू नका.]

“त्या क्रमाचं जरा बोलायचं होतं.”

[सही करायची नाही, हे कसं सांगू?]

“बोला की. तुमच्या सहीवर तर सगळं अडलंय. मी काय, नुसता कॅसेटचा मालक.”

[तिची कॅसेट. तिच्या कॅसेटवरून निघतोय चित्रपट.]

“कॅसेटमध्ये नऊ आणि दहा उलटी आहेत.”

[सांगितलं.]

“उलटी म्हणजे?”

[कळलं मला. पुन्हा सांगा, तेवढाच वेळ मिळेल.]

“चहा सांडला, सदऱ्याने पुसताना झाकणं बदलली. माझ्या हातून. नोंदवहीत मात्र सुरळीत लिहिलं. ती आधी येते. मग जाते.”

[माझ्या हातून, माझ्या हातून.]

“बरं. मग परत कधी येते?”

[सांगू नका.]

“येत नाही.”

घड्याळजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. चिमट्यात धरलेलं बारीकसं चाक टेबलावरून घरंगळलं, खाली पडलं आणि दिसेनासं झालं. दोघंही वाकले नाहीत.

“बावीस वर्षं दर रविवारी इथे बसून चहा प्यायलात,” घड्याळजी म्हणाले.

“हो.”

“मी ती गोष्ट सांगायचो. पार्सलची. दर वर्षी सांगायचो. तुम्ही मान डोलवायचात.”

“हो.”

“मला दुकान बंद करायचंय.”

[ह्याला उपशीर्षक नाही. दुपारचे तीन वाजले होते.]

आवाज बंद

शुक्रवारी दुकानाची फळी उघडली नाही. शनिवारी रीळकाका समोरच्या शिंप्याकडे नसलेलं काम काढून तासभर बसले. शिंप्याने बटणं घट्टच आहेत असं तीनदा सांगितलं.

रविवारी मागच्या दारावर चिठ्ठी: ‘आज मंडळ नाही.’ डॉक्टरीणबाई नवी पेनं घेऊन आल्या होत्या, सह्यांसाठी. त्या पेनं घेऊन परत गेल्या.

चिठ्ठीमागे खोलीत टीव्ही चालू असल्याचा निळा उजेड दाराच्या फटीतून दिसत होता. रीळकाका दोन पावलं दूर उभे राहिले. ठोठावलं नाही. आत चित्र पुढे जात होतं, थांबत होतं, मागे येत होतं, पुन्हा पुढे. चाळीस वर्षं जुन्या कॅसेटला हे सोसणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मागे नेऊन परत बघा

सोमवारी सकाळी सातला रीळकाकांच्या दारात घड्याळजी. दाढी वाढलेली, काखेत कॅसेट.

“तुम्ही घड्याळ पाहिलंत का कधी?” आत न येताच त्यांनी विचारलं.

“कोणाचं?”

“त्या घरातलं! भिंतीवर लंबकाचं घड्याळ आहे. दहाव्या रिळात पेला फेकतो ना तो, काच फुटते, तेव्हा तेही बंद पडतं. चार वाजून दहा मिनिटं. अकराव्यात, म्हातारपणी, तेच घड्याळ, चार वाजून दहा. आणि नवव्यात मजेत चाललंय. लंबक हलतोय! कॅसेटच्या क्रमाने गेलं तर ते बंद पडतं, मग आपलं आपण चालू होतं, आणि मग पुन्हा बरोबर चार दहालाच बंद पडतं. असं कुठलं घड्याळ असतं हो? शेंबड्या पोरालाही कळेल. आणि मी घड्याळजी! चाळीस वेळा पाहिलं, मला दिसलं नाही.”

“आत तरी या भावजी,” रीळकाकांची बायको म्हणाली. “जिन्यावर कसली घड्याळं दुरुस्त करताय?”

ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. कॅसेट मांडीवर.

“कसं दिसलं नाही?” रीळकाकांनी हळूच विचारलं.

“मी भिंतीकडे बघतच नव्हतो. फाटकाकडे बघायचो. ती आत आली की लगेच शेजारी बघायचो, आमची ही बसलीये ना ते.” ते थांबले. “तिला दिसलं होतं.”

“काय?”

“घड्याळ नव्हे. चपला. पडद्यावरच्या प्रत्येक बाईच्या पायाकडे बघायची सवय होती तिला. जाताना त्या बाईच्या चपलेचा पट्टा शिवलेला आहे, जाड दोऱ्याने. येताना अखंड. काल थांबवून थांबवून पाहिलं. शिवलेला पट्टा अखंड कसा होईल?”

“पण वहिनींना कळलं होतं हे कशावरून?”

“दर वर्षी त्याच जागी एक वाक्य म्हणायची. ती बाई फाटकातून आत आली की म्हणायची, ‘ही नाही हो आली. मी आले.’” घड्याळजींनी कॅसेटवरून हात फिरवला. “मला वाटायचं, कौतुक करून घेतेय. म्हणजे आता उठा आणि चहा टाका. मी उठून चहा टाकायचो.”

बायको ओट्याकडे वळली. बराच वेळ तिने नळ उगाचच चालू ठेवला.

“मी धरून चाललो होतो की ती बाई आली, म्हणून ही आली. आणि हिला तर माहीत होतं की ती बाई येत नाही.”

“पहिल्यांदा बघितलं तेव्हाच?”

“की नंतर कधी? आता कुणाला विचारू?” ते जरासे हसले, चार दिवसांत पहिल्यांदा. मग खिशातून कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “साडेनऊला ती मुलगी कचेरीत येते. लिहा. क्रम कसा हवा आणि चूक कशी झाली, सगळं. चहा, सदरा, झाकणं, काही गाळू नका. त्या वहीत सुरळीत लिहिलंत ना? आता दुसरं लिहा.”

रीळकाकांनी लिहिलं. खाली सही केली आणि कागद सरकवला. घड्याळजींनी त्यांच्या सहीखाली आपली केली.

“रागावला आहात का अजून?” रीळकाकांनी विचारलं.

“म्हणजे काय! दोन रविवार तरी रागावणार आहे. तुमच्या चहात साखर घालणार नाही.”

जास्तीचं

डिस्क पाच महिन्यांनी आली. ठोकळा घट्ट बसला होता, निघेचना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दात काढायच्या सफाईने दोनदा हलवून तो उपटला. “चौदा पानं!” त्या रीळकाकांना भेटल्या की अजून म्हणत. “चौदा पानं पाण्यात घातलीत माझी. आता घड्याळावर लिहितेय. सोळा होतील.”

मंडळाने चित्रपट पाहिला, जसा काढला होता तसा. ती आली, दोघांनी चहा घेतला, पेला फुटला, घड्याळ थांबलं, ती गेली. दोन कपांवर चित्रपट संपला. आतापर्यंत ते दोन कप पाहून सगळ्यांना बरं वाटायचं. आज कुणी कुणाकडे बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी लेखाची पानं पिशवीतून काढलीच नाहीत. एकेक जण चप्पल घालून हळूच बाहेर पडला.

रीळकाका कप विसळून निघाले तर घड्याळजींनी रिमोट पुढे केला.

“बसा. नऊ लावा.”

“आता? संपला की.”

“संपू दे. ‘प्रसंग निवडा’ म्हणून आहे ना तिथे? त्यात नऊ असणार.”

“तुम्हीच लावा. मी नको.”

“मला त्या बटणांतलं काही कळत नाही,” म्हणाला तो माणूस, ज्याने आयुष्यभर तांदळाच्या दाण्याहून बारीक चाकं बसवली. “आणि ते तुमच्याच हातून लागलं पाहिजे.”

रीळकाका बसले. आकडे खालीवर झाले, दहावरून पुढे गेले, मागे आले. त्यांनी बटण दाबलं.

कॅसेटमध्ये फाटक म्हणजे एक करडा धब्बा होता. इथे त्याची एकेक सळई दिसत होती, सळईवरचा उडालेला रंगही. ती बॅग घेऊन वर चढत आली. तिच्या मागे ऊन होतं, हे इतक्या वर्षांत कुणाला माहीत नव्हतं. खिडकीतून घरातल्या भिंतीचा तुकडा दिसला आणि रीळकाका न राहवून पुढे झुकले.

“चालू आहे,” ते म्हणाले. “लंबक बघा, चालू आहे.”

“घड्याळाकडे काय बघताय,” घड्याळजी म्हणाले. ते चहा टाकायला उठले होते, पण दारातच थबकले होते. “फाटकाकडे बघा.”